साडेचार वाव

राबिघ,
शुक्रवार, दि. ९ जानेवारी २०२६

भिकू यास गुणाजीचा रामराम.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. आनंदीवहिनी गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहायचं तरी कशाला, आपल्या दोघांच्या घरांत अंतर ते किती, चालतच यायला हवं होतं. खरं सांगतो, बाराव्याला मी तुझ्या अंगणाच्या फाटकापर्यंत, बेड्यापर्यंत आलो होतो. आत माणसं होती. तू पडवीत पाठमोरा बसला होतास. बेड्याला हात लावला आणि मागे फिरलो. घरी सांगितलं, जाऊन आलो. असं मी बरंच काही सांगत आलो आहे.

मी नोव्हेंबरपासून इथे सौदीत नागेशकडे आहे. तो इथल्या रिफायनरीत आहे, हे तुला गावात कळलं असेलच. सून विभा स्वभावाने चांगली आहे, पण माझ्या प्रेशरच्या गोळ्या मोजून ठेवते, त्यामुळे मला आणखी धास्ती वाटते. लिफ्टमध्ये मी एकटा जात नाही, मध्येच अडकली तर कोणाला काय भाषेत सांगणार? समोर समुद्र आहे, पण वास आपल्या समुद्राचा नाही.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. इथल्या कॅम्पातला पालशेतचा एक वेल्डर सोमवारी सुट्टीवर निघतो आहे, त्याच्याकडे देतो. पूर्वी आपण द्यायचो तसंच. खजुराच्या डब्यात झाकणाखाली ठेवलं आहे, म्हणजे त्याला तुझ्या घरी यावंच लागेल. तरी मला काळजी वाटते की तो डबा स्वतःच्या बहिणीकडेच ठेवील आणि विसरेल. म्हणून त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, खलास, समजलं मला." तुझा फोन नंबर मिळाला असता, पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास. पत्र निदान फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतो.

आता मुद्द्यावर येतो. इथे मासळीबाजारात मला इब्राहीम भेटला. आपला सुदानी इब्राहीम, कोल्ह्यांच्या टीमची बस चालवायचा तो. दाढी पांढरी झाली, एक डोळा अधू झाला, पण मला पाठीमागून ओळखलं. भर बाजारात माझ्या जुन्या हुद्द्याने ओरडला, "ऐ लाइन-मुदीर! अभी तक जिंदा?" मी म्हटलं, "जिंदा हूँ, तू भी जिंदा." मग लगेच म्हणाला, "वो किधर? लंबा हाथवाला?"

भिकू, त्याने पहिल्यांदा तुलाच विचारलं. हातातली मासळीची पिशवी खाली ठेवावी लागली मला.

त्याने सांगितलं की आपले इंजिनिअर डॉयल साहेब अजून आहेत. ऐंशीच्या पुढे गेले, अमेरिकेत ओक्लाहोमाला राहतात, आणि कोल्ह्यांच्या क्लबाचा सगळा इतिहास लिहून काढताहेत. पुस्तक छापणार. जुन्या माणसांना कागद पाठवून विचारताहेत की काही चुकलं असेल तर कळवा. इब्राहीम म्हणाला, "सबका नाम है. तेरा है, भिकू का है. भिकू का तो पूरा एक चॅप्टर है!" त्याने फोनवरून ते कागद नागेशला पाठवले, नागेशने ऑफिसात छापून आणले. एकशे दहा पानं. मला इंग्रजी कुठली येणार, चौथीत शाळा सुटली. विभा दुपारी वाचायची आणि मला मराठीत सांगायची.

वाचताना सगळं डोळ्यांपुढे आलं. डॉयल साहेब त्याआधी ऑस्ट्रेलियात पाइपलाइनवर होते, तिथे त्यांनी हा तेरा माणसांचा रग्बी पाहिला आणि अबकैकजवळच्या आपल्या कंपाउंडात सुरू केला, हे मला माहीतच नव्हतं. सन १९८३. पहिल्या दिवशी अमेरिकन पोरं डोक्याला शिरस्त्राण घालून आली होती, त्यांच्याकडच्या खेळासारखं. साहेबांनी ती सगळी काढून बसमध्ये टाकायला लावली. वाळूवर तेल मारून घट्ट केलेलं मैदान, पडला की कोपर सोलून निघायचं. रियाधच्या ऑस्ट्रेलियनांनी पहिल्या सामन्यात साठ गुणांनी धुतलं. दिवसा पाइप तपासायचे, क्रेन चालवायचे आणि संध्याकाळी खेळायचे. जिंकले तर कंपनीकडून पाकीट, हरले तर नुसता कोका-कोला. क्लबाचं नाव डून जॅकल्स. जॅकल म्हणजे कोल्हा, हे तूच कुणाकडून तरी विचारून आणलंस आणि त्या दिवसापासून कॅम्पात सगळे त्यांना कोल्हे म्हणायला लागले.

तुला आठवतं, पहिल्यांदा खेळ पाहून तू काय म्हणाला होतास? "हे तर कबड्डीच खेळतायत, फक्त मध्ये चेंडू घेऊन भांडतायत." सहा वेळा पकडलं की चेंडू समोरच्याला द्यायचा. आणि ते अमेरिकन पकडायचे कसे, तर गळ्यात हात घालून, नाहीतर छातीला धडक देऊन. आपलं काम मैदानाच्या रेषा मारायचं, पण तू रेषेच्या डब्यासकट मैदानात गेलास आणि त्या सहा फुटी गोऱ्याचा घोटा धरून त्याला सपशेल आडवा केलास. मला वाटलं आता नोकरी गेली आपली दोघांची. डॉयल साहेब धावत आले आणि म्हणाले, "अगेन!" मग दोन महिने रोज संध्याकाळी तू त्यांना घोट्याची पकड शिकवलीस. तू मराठीत शिव्या द्यायचास आणि ते "यस सर" म्हणायचे.

पुस्तकात त्याच्याबद्दल एक ओळ आहे. विभाने वाचली: "पुढच्या वर्षी आमची पोरं खाली वाकून पकडायला शिकली आणि आम्ही जिंकू लागलो." बस्स. कोणी शिकवलं, त्याचं नाव नाही.

तुझं नाव पुढे आहे. त्या प्रकरणाचं नावच "भिकूचे हात". विभाला वाचताना हसू आवरेना. म्हणाली, "बाबा, किती गमतीचं लिहिलंय! क्लबाकडे टेप होती, तीत वाळू जाऊन अडकली, तर हा माणूस हात पसरून मैदान मोजायचा! आणि फायनलच्या दिवशी त्याचे हात कमी पडले म्हणून कप गेला. कोण हो हे भिकू?"

मी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हटलं, उद्या वाचू.

दुसऱ्या दिवशी वाचलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी विभानेच विचारलं, "बाबा, तुम्ही जेवत का नाही?" मग मी तिला सांगितलं. तुला जे माहीत आहे तेच सांगितलं, पण मी ते तोंडाने कोणालाही पहिल्यांदाच सांगितलं. तुलाही एकदा लिहून देतो, म्हणजे माझ्या अक्षरात तुझ्याजवळ राहील.

वाव तुझी, हे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या घरात जाळ्याच्या दोऱ्या वावेने मोजायचे. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. डॉयल साहेबांनी तुझी वाव एकदा मोजून पाहिली, बरोबर सहा फूट निघाली. म्हणजे दोन यार्ड. साहेब टाळी वाजवून म्हणाले, हीच आपली टेप. मग तू दोरीला वावेवर गाठी मारल्यास आणि त्या दोरीला आपण "भिकूची वाव" म्हणायला लागलो. इब्राहीमसुद्धा म्हणायचा, "भिकूचा वाव लाओ." खांबांमागच्या पट्ट्यात, जिथे चेंडू टेकवला की गुण मिळतात, तिथे नऊ यार्ड लागायचे. साडेचार वाव. तिथे पाठची रेषा. त्या रेषेपलीकडे चेंडू टेकला तर गुण नाही.

फायनलच्या आदल्या दिवशी वाऱ्याने वाळू आली आणि सगळ्या रेषा पुसल्या. दोरी तंबूला बांधली होती, ती तंबूसकट गेली. तुला ताप होता, तू खोलीत पडून होतास. सकाळी जेद्दाची इंग्रज टीम बसमधून उतरली आणि साहेब ओरडायला लागले, यल्ला, यल्ला. मी बाकीच्या रेषा जुन्या खुंट्यांवरून धरल्या. पश्चिमेच्या पाठच्या रेषेची खुंटी मात्र वाळूत सापडेना. नवी दोरी घेतली. तुझी खोली दहा मिनिटांवर होती. तुला उठवून हात पसरायला लावायचे होते, इतकंच काम. मी म्हटलं, आजारी माणसाला कशाला, आणि हात ते हात. माझेच हात पसरले आणि साडेचार वाव मोजून गाठी मारल्या. माझं डोकं तुझ्या खांद्याला लागतं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. एवढी साधी गोष्ट सुचली नाही, भिकू.

सामना संपायला दोन मिनिटं. आपण तीन गुणांनी मागे. साहेबांनी चेंडू पायाने पुढे मारला, आपला तो लाल केसांचा क्रेनवाला झेपावला आणि चेंडू टेकवला. सगळे नाचले. पंचाने शिट्टी मारली, हात आडवा केला. चेंडू रेषेपलीकडे. वीतभर पलीकडे. नंतर कोणीतरी टेप आणून मोजलं, तर पट्टा नऊ यार्डांऐवजी आठ. आपल्याच मैदानात, आपल्याच रेषेने कप घालवला.

साहेबांनी मला विचारलं, "किसने नापा?" मी म्हटलं, "साहब, भिकू का वाव."

त्या दोरीचं नावच ते होतं. तोंडातून सवयीने आलं. छत्तीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की सवयीने आलं. पण साहेबांनी पुन्हा विचारलं, "भिकू? ताप में?" तेव्हा मला दुसरा श्वास मिळाला होता. कबड्डीत मिळत नाही, मला मिळाला. आणि मी म्हटलं, "जी साहब."

दुसऱ्या दिवशी तू अंगात ताप असताना मैदानावर आलास. खुंटीवरची दोरी घेतलीस आणि हात पसरलेस. एक गाठ तुझ्या डाव्या बोटाशी, दुसरी उजव्या मनगटाशीच येऊन थांबली. तू मनगटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. म्हणालास, "गुण्या, तुझे हात आखूड." तेवढंच. मला वाटलं आता तू साहेबांकडे जाऊन सांगणार. गेलासही. आणि मी दाराबाहेर उभा असताना आत तू म्हणालास, "हां साहब, वाव मेरी."

का म्हणालास? हे मला कधी विचारता आलं नाही. त्याच आठवड्यात नागेश झाल्याची तार आली होती आणि तूच सगळ्या कॅम्पाला जिलेबी वाटली होतीस. त्यासाठी असेल तर मला ऐकवत नाही, आणि त्यासाठी नसेल तर काय होतं ते मला कळायला हवं.

मैदानावरून तुला काढून पाइपांच्या यार्डात उन्हात टाकलं. जूनमध्ये इकाम्याचा परवाना संपला, कफील मालकाने तो पुढे केला नाही, खलास. एअरपोर्टला तुला सोडायला इब्राहीम आला, मी आलो नाही. मला त्यांनी रेषांचा मुकादम, लाइन-मुदीर केला. वीस वर्षं खाल्ली मी त्या कामावर. साहेब जाताना सर्टिफिकेट देऊन गेले, ते माझ्या माजघरात काचेत आहे. "अचूक काम करणारा" असं त्यात लिहिलंय, असं नागेश लहानपणी सगळ्यांना वाचून दाखवायचा.

हे सगळं विभाला सांगितलं तेव्हा नागेश ड्यूटीवरून येऊन दारातच उभा होता. म्हणाला, "बाबा, आता कशाला उकरून काढताय? कोण वाचणार आहे ते पुस्तक? पन्नास म्हातारे अमेरिकन!"

मी म्हटलं, "ते पन्नास म्हातारे भिकूला हसणार ना?"

"भिकूकाकांना कळणार पण नाही."

"मला कळलंय."

तो चिडून आत गेला. विभाने फोन हातात घेतला. म्हणाली, "तिकडे आता सकाळ असेल. लावू?"

गोळी घेतली आणि म्हटलं, लाव.

साहेबांचा आवाज अजून तसाच आहे, मैदानभर ऐकू जाणारा. मी हिंदीत बोललो, विभाने इंग्रजीत सांगितलं. सगळं सांगितलं, मध्ये थांबलो नाही. साहेब हसले आणि विभाला म्हणाले, त्याला सांग, मित्रासाठी म्हातारपणी आळ अंगावर घ्यायला निघालाय, चांगला माणूस आहे. त्यांना वाटलं मी खोटं बोलतोय! आयुष्यभर खोटं खपलं आणि खरं बोललो तर पटेना. म्हणाले, भिकूने स्वतः कबूल केलं होतं. मी म्हटलं, तो खोटं बोलला. माझ्यासाठी.

मग मी हट्टाला पेटलो. विभाला म्हटलं, त्यांना विचार, ती दोरी कुठे गेली?

आणि भिकू, ती दोरी त्यांच्याकडे आहे. त्या गाठींसकट. कपाऐवजी तीच आणली म्हणून त्यांनी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवली आहे. आलेल्या गेलेल्याला तुझी गोष्ट सांगतात. मी म्हटलं, काढा बाहेर आणि मोजा. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत. म्हातारा उठला, फोन तसाच ठेवून पेटी उघडली, आम्हाला कुरकूर ऐकू येत होती. परत आले. पाच फूट चार इंच.

आता हसत नव्हते. पण माणूस इंजिनिअर. म्हणाले, तापातला माणूस हात पुरते पसरत नाही, असं मी तेव्हा धरलं होतं. आता मला दोघांची मापं हवीत. तुझी आणि त्याची. दोन्ही आली की तू सांगतोस ते छापतो, नाही आली तर जे लिहिलंय तेच जाईल, आणि एकतीस जानेवारीला पुस्तक छापखान्यात जाणार.

मी लगेच भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. उजवा खांदा आता पुरता उघडत नाही, पण दात आवळून उघडला. विभाने पेन्सिलीने खुणा केल्या. तेवढ्यात नागेश बाहेर आला. मला वाटलं ओरडणार. त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. पाच फूट साडेतीन इंच. अर्धा इंच म्हातारपणाने खाल्ला. नागेश टेप गुंडाळत म्हणाला, "बाबा, माझे हात पण एवढेच आहेत."

माझं माप गेलं. तुझं राहिलं.

साहेबांना मी आणखी एक सांगितलं. म्हटलं, प्रकरणाचं नाव बदलू नका. "भिकूचे हात" हेच ठेवा. पण त्यात त्या हातांनी तुमच्या पोरांना घोट्याची पकड कशी शिकवली ते लिहा. रेषेची चूक जिथे आहे तिथे माझं नाव घाला, पूर्ण नाव, गावासकट. साहेब म्हणाले, तुझं सर्टिफिकेट? मी म्हटलं, गावी गेलो की उतरवतो. ते उतरवीनच, तू माप पाठवलंस तरी आणि नाही पाठवलंस तरी.

त्या रेषेबद्दल तुझी माफी मागत नाही. मागायचा हक्क त्या दाराबाहेरच गेला. फक्त एक कर. तुझ्या लेकीला, पद्मिनीला सांग, तू भिंतीला पाठ लावून उभा राहशील तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटापासून उजव्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत मोजायचं. हात खांद्याच्या रेषेत हवेत, खाली झुकले तर कमी येतं. शिंप्याची टेप नको, ती ताणते. तुझे हातही वयाने आखडले असतील तर जेवढं येईल तेवढंच कळव, वाढवून नको. विभाचा नंबर डब्याच्या झाकणावर लिहिला आहे, पद्मिनीने नुसता आकडा पाठवला तरी पुरे. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

पण बोलावंसं वाटलं तर मी घरीच असतो. लिफ्टने एकटा जात नाही, हे वर लिहिलंच आहे.

एकतीस तारखेला फार दिवस नाहीत, भिकू. वेल्डर मंगळवारी पोचेल, बुधवारी डबा तुझ्याकडे येईल. गुरुवारपासून मी फोन शेजारी घेऊन बसतो. तुझी वाव लवकर कळव.

तुझा,
आखूड हातांचा
गुण्या